चुलीवरचं रेशीम

सगुणाबाईला बसलेली पाहायची तर जेवताना, आणि तेव्हाही एक गुडघा उभाच. घास तोंडात, नजर दारात. मुठा गावात लोक म्हणत, की ही बाई सरणावरसुद्धा नीट पडून राहायची नाही, उठून लाकडं सारखी करील. असं म्हणणाऱ्यांत पहिला तिचा नवरा कोंडाजी. तो गडी मात्र बसायला पक्का. ओटीवर तंबाखू मळायला बसला, की गोठ्यात बैल हंबरले तरी उठायचा नाही. देवानं जोडी जुळवताना दोघांच्या वाटणीची बैठक एकट्यालाच देऊन टाकली असावी.

पहाटे शेणकूट, मग पाणी, मग भाकऱ्या, मग शेत. शेतातून येताना डोक्यावर गवताचा भारा, आणि भारा टाकला की लगेच झाडू. सून सारजा म्हणायची, "आत्याबाई, वाईच टेका की." त्यावर सगुणाबाईचं ठरलेलं उत्तर असे, "टेकलं की गंज चढतोय." दिवसभरात तिच्या हाताखालून घरातली एकूण एक वस्तू जायची. फक्त एकच वस्तू अशी होती, की तिला ती वर्षातून एकदा, दसऱ्याला, हात लावायची. तो चुलीवरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा. त्यात तिचं रेशीम होतं.

चुलीवरच का, हे मुठेच्या खोऱ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथं चार महिने पाऊस मुक्कामाला असतो. वहाणांना बुरशी, घोंगडीला बुरशी, देवाच्या तसबिरीत देवाच्या नाकावर बुरशी. जे वाचवायचं ते चुलीच्या उबेला ठेवायचं, ही रीत आजेसासूपासूनची. राखेत घोळलेलं भोपळ्याचं बी, मक्याची कणसं, मिरच्या, सुकट, मीठ, काडेपेटी, सगळं त्या फळीवर. धुरानं काळं झालेलं बी दोन-दोन वर्षांनी पेरलं तरी तरारून उगवायचं. मग जिथं बी जगतं तिथं रेशीम जगणार नाही? सगुणाबाईच्या मनात ही शंका कधी आलीच नाही.

रेशमाचं वेड तिला लागलं ते लहानपणी पुण्यात. तिचं माहेरचं गाव वर मुळशीच्या खोऱ्यात होतं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ती परकरी पोर होती. बाप म्हणत होता, पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत यायचं नाही. आलं. पहिल्या खेपेला त्यांनी धान्य आणि जनावरं हलवली. आईची रुखवताची पेटी दुसऱ्या खेपेला न्यायची ठरली, आणि दुसरी खेप काही झाली नाही. त्या पेटीत काय काय होतं ते आई मरेपर्यंत सांगत राहिली. मग दोन पावसाळे त्यांनी कसबा पेठेत मामाच्या खोलीत काढले. शेजारी एक कासारीण होती. तिनं या पोरीच्या हातात सुई दिली, साखळी टाका शिकवला, भरतकाम शिकवलं, मोर-पोपट काढायला शिकवले. पुण्याहून निघताना पोरीनं दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक, हातातली ती कला. दुसरी, जिवाची चुळबुळ, की आज जे आहे ते उद्या पाण्याखाली जाईल आणि आपली दुसरी खेप राहूनच जाईल.

लग्न होऊन ती मुठ्यात आली. संक्रांत सरली की कोंडाजी आंबेमोहोर तांदळाची गाडी भरून पुण्याला जायचा. पहिल्या वर्षी त्यानं विचारलं, "तुला काय आणू?" त्याला वाटलं, बांगड्या म्हणेल, नाहीतर पेढे. ती म्हणाली, "रेशमाची लडी. लाल." त्यानं तुळशीबागेत विचारत विचारत लाल लडी आणली. पुढल्या वर्षी हिरवी, मग पिवळी, मग जांभळी. अशी सालागणिक एकेक लडी येत गेली. लडी आली की सगुणाबाई ती गालाला लावून बघायची, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळायची, वर वेखंडाचा तुकडा, कडुनिंबाची पानं, आणि डब्यात. उन्हात रंग उडतो हे तिला ठाऊक होतं. ओलीनं डाग पडतात, कसर लागते, उंदीर घरटं करतो, सगळं ठाऊक होतं. दसऱ्याला डबा खाली घ्यायची, गुंडाळ्या वरूनच बोटांनी चाचपायची, पानं बदलायची आणि झाकण लावायची. उघडत नसे. उघडलं की लडी सुटते म्हणे.

आणि शिवायची काय? सुती दोऱ्यानं पुष्कळ शिवायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या पान-तंबाखूच्या चंच्यांवर सगुणाबाईच्या हातची वेलबुट्टी होती. रेशमाला मात्र सुई लागली नाही. "चांगला दिस येऊ दे," ती म्हणायची. चांगले दिवस आले, नाही असं नाही. मुलगा झाला, विहिरीला पाणी लागलं, नवा गोठा झाला. पण आलेला दिवस तिला कधीच पुरेसा चांगला वाटला नाही.

मुलगा नथू आणि मुलगी सुंदरा यांची लग्नं एकाच मांडवात झाली. तोच चांगला दिवस, असं कोंडाजीलाही वाटलं होतं. तो म्हणाला, "आता तरी काढ ते रेशीम. रुखवतात ठेवायला एखादा पडदा तरी कर." सगुणाबाई म्हणाली, अजून पोपटी रंग आलेला नाही, पोपटी नसताना पोपट कसे काढू? डबा वरच राहिला.

सुंदरा बावधनला दिलेली. बावधनची माणसं पुण्याच्या वेशीवरची, स्वतःला निम्मी पुणेकर समजणारी. सुंदराची सासू रंभाबाई रुखवतापुढं उभी राहिली, एकेक ताट बघितलं आणि चार बायकांत म्हणाली, "तांदूळ, पापड, कुरडया. पोटाला लई हाय. पर हातकाम कुटं दिसंना?"

सगुणाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती भर मांडवात बोलून गेली, "हातकाम बगायचंय व्हय, विहीणबाई? मंग माज्या नातवाच्या कुंचीला बगा. असली रेशमाची कुंची करीन, की बावधनात कुणी बगितली नसंल."

शब्द दिला गेला. रंभाबाई विसरणाऱ्यातली नव्हती. जेव्हा भेटेल तेव्हा हसून विचारायची, "काय म्हणतंय तुमचं रेशीम?"

लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला तो सुंदराच्या घरी नाही, सारजाच्या. सारजाला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. तिचं नाव चिमा ठेवायचं ठरलं. बारशाच्या आधी सारजा धीर करून म्हणाली, "आत्याबाई, गेल्या साली परत आलेल्या लालातलं वाईच द्या की. आन् औंदा आलेलं ते पोपटी. पोरीच्या कुंचीला चार पोपट काडते."

सगुणाबाई पाण्याची घागर उचलत होती. ती घागर न ठेवताच म्हणाली, "ते सुंदराच्या पोराचं हाय. पोरीला रेशीम कशाला? सुती दोऱ्याची फुलं घालीन की मी."

फुलं घालायचीही राहून गेली. कामं काय थोडी होती? चिमीनं मांजरपाटाची साधी कुंची घातली आणि ती तीतच वाढली. सारजा पुढं कधी त्याविषयी बोलली नाही. तशी ती गप्प बसणारी बाई नव्हती, भाकरीला मीठ कमी पडलं तरी बोलून दाखवायची. म्हणून तर ते न बोलणं सगुणाबाईला अधूनमधून टोचायचं. टोचलं की ती उठून अंगण झाडायची.

इकडं सुंदराची कूस काही उजवेना. वर्षामागून वर्ष गेलं. बावधनात आडून आडून दुसऱ्या सोयरिकीची भाषा सुरू झाली. सगुणाबाईनं बहिरोबाला नवस केले, उपास धरले, आणि दसऱ्याला डबा काढून चाचपत राहिली. महाराष्ट्र झाला त्या साली सुंदराला दिवस गेले. बातमी आली त्या दिवशी सगुणाबाई तीनदा नदीवर जाऊन आली. घरात पाणी ठेवायला भांडं उरलं नाही.

जन्माआधी बाळाच्या कापडाला टाका घालायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. शिवून ठेवलं की सटवाईची नजर लागते. त्यामुळे पोर जन्मेपर्यंत नुसता जीव टांगणीला. दिवाळी झाली, भात कापून झालं, झोडणी सुरू झाली, आणि ऐन झोडणीत सुंदरा माहेरच्या खोलीत बाळंत झाली. सुईण साळूबाई बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी हाय. दोगीबी झ्याक हायेत."

सगुणाबाई अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. तिच्या डोळ्यांपुढं रंभाबाईचं तोंड आलं. एवढी वर्षं वाट पाहून पोरगी! आता सुंदराला काय काय ऐकावं लागेल. मग ती आत आली, पोर हातात घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "पहिली बेटी, धनाची पेटी! हिला रेशमाची कुंची घालीन. तवा कळंल तिकडच्या आजीला, आजोळी हिला काय मोल हाय ते."

सारजा चुलीपाशी बाळंतिणीसाठी पाणी तापवत होती. लाकूड आत सारत तिनं विचारलं, "पोरीला रेशीम कशाला, आत्याबाई?"

शब्द न् शब्द तोच. सगुणाबाईनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

पाचवी पुजून झाली. आता टाका घालायला हरकत नव्हती. दुपारी माणसं खळ्यावर गेली, तशी सगुणाबाईनं डबा खाली घेतला. ओटीवर उजेडात घोंगडी अंथरली. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आयुष्यात पहिल्यांदा तिनं गुंडाळ्या उघडल्या.

रंग काय होते! लाल तसाच लाल, जांभळा तसाच जांभळा. बुरशी नाही, कसर नाही, एक डाग नाही. फक्त धुराचा वास. तिला इतका आनंद झाला, की तिनं सुंदराला आतून हाक मारून सांगितलं, "जसंच्या तसं हाय बग!" लाल लडीतून धागा काढला, सुईत ओवला, पहिला टाका घातला आणि ओढला. धागा तुटला.

तिनं पुन्हा ओवला. दुसरा टाका बसला, तिसऱ्याला तुटला. आवाजही नाही, नुसता सुटून हातात आला. लाल पहिल्या वर्षीची, म्हणून असेल, असं म्हणून तिनं हिरवी घेतली. तीही तुटली. पिवळीचे तर लडी उलगडतानाच तुकडे झाले. तिनं धागा दुहेरी केला. मेण लावून बघितलं. ओल्या बोटांनी भिजवून बघितलं, तर ओल्या जागीच तुटला. सगळ्यात शेवटी आणलेली पोपटी तेवढी जरा तग धरत होती, चार टाक्यांना एकदा तुटायची. पाऊस, ऊन, कसर, उंदीर, सगळ्यांपासून तिनं रेशीम राखलं होतं, आणि रोजच्या दोन वेळच्या चुलीनं ते वर्षानुवर्षं भाजून काढलं होतं. बी उबेत जगतं, कारण त्याला पुढं मातीत जायचं असतं. धाग्याला सुईतून ओढ सोसायची असते. हे तिला आता कळलं, आणि कळूनही ती मानेना.

दोन दिवस ती त्या रेशमाशी झुंजली. खळ्यावर गेली नाही. आभाळ भरून आलेलं, भात उघड्यावर, सगळ्यांची धांदल, आणि ही ओटीवर वाकलेली. गाठी मारायची, तुटलेलं टोक टाक्याखाली लपवायची. उठायची, परसात एक फेरी मारून यायची, पुन्हा बसायची. सुंदरा आतून विचारायची, "आये, झाली का गं?" ती म्हणायची, "हुतीया." कोंडाजी भाकरीला आला तेव्हा उभा राहून बघत राहिला.

"उद्याच्या मोटारीनं पुण्याला जातो," तो म्हणाला. "नवं आणतो."

"आनशीला परवा. शिवू कवा? बारसं दारात आलंय."

"मंग सुती दोऱ्यानं शिव."

"भर मांडवात बोललीया मी."

कोंडाजी पायऱ्या उतरता उतरता पुटपुटला, "सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई." रेशमाला म्हणाला की तिला, ते त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक पोपट कसाबसा पुरा झाला. सगुणाबाईनं कापड उचलून झटकलं, बाळाच्या डोक्यावर बसेल तसं वाकवून बघितलं, आणि पोपटाच्या पाठीवरचे टाके फटाफट उलले. चोच खाली पडली. ती त्या चोचीकडं बघत बसली. हात रिकामे, पाय स्वस्थ. सारजानं सासूला अशी बसलेली कधी पाहिली नव्हती, आणि तिला ते बघवेना.

ती आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. परत आली ती चिमीची कुंची घेऊन. तीच मांजरपाटाची, विटलेली, साधी. सारजानं ती झटक्यात उलटी केली आणि सासूच्या मांडीवर टाकली.

आत डाळिंबी अस्तर होतं, सारजाच्या आईच्या जुन्या लुगड्याचं. त्या अस्तरावर पोपट होते. पोपटी अंगाचे, लाल चोचीचे, कपाळाच्या कडेपासून पाठीवरच्या झालरीपर्यंत एकामागं एक.

"वढा," सारजा म्हणाली.

सगुणाबाईनं एका टाक्याखाली सुई घातली आणि उचलला. तुटला नाही. जोरानं ओढला. कापडाला चुणी पडली, पण धागा हलला नाही.

"ह्ये माज्या डब्यातलं हाय."

"व्हय."

"कवा घेतलंस?"

"तुमी नदीवर गेलावता तवा. निम्मं निम्मं घेतलं आन् फडकी परत तशीच गुंडाळली. तुमी कुटं उगडून बगताय?"

"चोरलंस."

"चोरलं," सारजा म्हणाली. तिची नजर खाली नव्हती. "मागितलं तवा दिलं न्हाई, मंग काय करू? आई असती तर तिला मागितलं असतं. तुमच्या डोळ्यावर यायला नको, म्हून आतनं घातलं. पोरीच्या डोक्याला तर लागतंया. बाकी कुणाला दिसलं न्हाई तरी चाललं."

एरवी सगुणाबाईनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिच्या मनात आधी आला तो भलताच विचार, की एवढं रेशीम इथं जिवंत आहे. बारसं परवावर आहे. "उसव ही," ती घाईनं म्हणाली. "दोगी बसू. ह्योच धागा नव्या कापडावर घालू."

सारजानं सुई उचलून सासूच्या हातात दिली. "माज्या हातानं न्हाई उसवायची. तुमी उसवा."

सगुणाबाईनं कडेच्या पोपटाची शेपटी उसवली. धागा अख्खा निघाला, जागोजागी टाक्यांची वळणं घेतलेला, चिवट. शेपटी निघाली तिथं अस्तराचा रंग गडद, नव्यासारखा होता, कारण एवढी वर्षं तो रेशमाखाली झाकलेला. भोवतीचं लुगडं धुऊन धुऊन फिकटलं होतं. किती वेळा धुतली असेल ही कुंची! किती वेळा तिनंच धुतली होती, बाहेरच्या बाजूनं घासून. बहिरोबाच्या जत्रेत चिमी रडायला लागली, की तीच तिला खांद्यावर घ्यायची आणि डोक्यावर हात ठेवायची. हाताला कापडातून काहीतरी खडबडीत लागायचं. शिवण असेल, असं तिला वाटायचं.

सुई दुसऱ्या पोपटापाशी आली आणि थांबली.

सगुणाबाईला लाज वाटली. उभ्या जन्मात वाटली नव्हती अशी. एका नातीच्या डोक्यावरचं काढून ती दुसरीच्या डोक्यावर घालायला निघाली होती, आणि ज्या पोरीला तिनं चार बोटं रेशीम नाकारलं, त्या पोरीपाशी तेवढंच तिच्या सगळ्या साठ्यातलं शाबूत राहिलं होतं. सगुणाबाईच्या आईची पेटी पाण्यात गेली, ते कुणाच्या हातात नव्हतं. ही पेटी तिनं स्वतःच चुलीत घातली होती.

"सुई बारीक दे," ती म्हणाली.

"आता आन् कशाला?"

"शेपटी लावते परत."

वळणं पडलेला धागा सुईत जाईना. सारजानं तो ओवून दिला. सगुणाबाईनं शेपटी घातली. टाके सारजाच्या टाक्यांइतके जवळजवळ बसले नाहीत. तेवढ्यात आतून सुंदरा बोलली. तिनं सगळं ऐकलं होतं. "वयनी, माज्या लेकीला चिमीचीच कुंची घाला ना. जुनं अंगाला लागलं की पोरं जगत्यात म्हणत्यात. तुमची ना नसली तर."

"माजी कशाला ना असंल?" सारजा म्हणाली. "चिमीला तेवढं इचारावं लागंल."

मग दोघींनी मिळून मांजरपाट सोडवला, अस्तर वरच्या बाजूला घेतलं, त्याला नवी कड लावली. इतक्या घाईत चिमीला विचारायचं राहूनच गेलं. त्या घरात राहून जायची रीतच होती म्हणा.

बारशाला बावधनहून दोन गाड्या आल्या. रंभाबाई खाली उतरली ती पडलेला चेहरा घेऊनच. पोरगी म्हणून आधीच तोंडाला घडी, त्यात मुठ्याची वाट. पण बाळाला पाळण्यात घालायला आणलं आणि तिची नजर कुंचीवर गेली. डाळिंबी कापडावर पोपट बसले होते. तिनं बाळ जवळ घेतलं, बोट फिरवलं, एका चोचीचा टाका नखानं उचलून बघितला. टाका तुटला नाही.

"हातकाम झ्याक हाय," रंभाबाई बायकांकडं वळून म्हणाली. "बोलली तशी केली म्हणायची. शब्दाची पक्की हाय आमची ईहीण."

सगुणाबाईनं इतकी वर्षं हेच ऐकायची वाट पाहिली होती. सारजा दाराआड घुगऱ्यांचं भांडं घेऊन उभी होती. आणि तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून चिमी पुढं घुसली. "ही माजी कुंची हाय!" ती ओरडली. "पोपट माजं हायेत! आयेनं माजं पोपट बाळाला दिलं!"

पाळण्याची दोरी धरलेल्या बाया थांबल्या. रंभाबाईनं कुंची पुन्हा निरखली. फिकट झालेलं लुगडं, नवी कड. तिच्या ओठांवर हसू आलं. "म्हंजी उसनी व्हय? एवढी सालं रेशीम रेशीम ऐकत हुतो आमी, आन् आणली ती दुसऱ्या पोरीची वापरल्याली?"

कोंडाजी ओटीवरून चक्क उठून उभा राहिला. पोर खोटं बोलतंय, एवढं म्हणायला सगुणाबाईला काही लागलं नसतं. चिमीला कुणीही खरं मानलं नसतं. सगुणाबाईनं चिमीला ओढून जवळ घेतलं. एरवी सारखी इकडंतिकडं पळणारी तिची नजर रंभाबाईवर थांबली.

"व्हय, उसनीच हाय," ती म्हणाली. "चिमीची हाय. हिला इचारायचं राहिलं, ती चूक माजी. माजं रेशीम समदं चुलीनं खाल्लं, विहीणबाई. ह्ये वाचलं ते माज्या हाताला लागलं न्हाई म्हून. माज्या सुनंनं ते वेळंला चोरलं आन् वेळंला लावलं."

रंभाबाईचं हसू ओठांवरच राहिलं. "मंग ह्ये काम...?"

"सारजाचं. समदं पोपट तिचं." सगुणाबाईनं वाकून कुंचीची कड सारखी केली. कडेच्या पोपटावर तिचं बोट थांबलं. "ह्या एकाची शेपटी तेवढी माजी हाय. वाकडी आलीया ती."